जाळ्याला उतार नसतो

(गोंदिया येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. छापताना बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



टेबलावर हारतुऱ्यांच्या शेजारी या दोन लोखंडी पेट्या कशाला, असं तुम्हाला वाटलं असणार. मघाशी एका काकांनी विचारलंच, "सेट टॉप बॉक्स आहे काय जी?" नाही. हे नेटवर्कचे स्विच आहेत. बँकेत, कॉलेजात, तहसिलीत भिंतीवरच्या कपाटात असतात ते. दोन्ही माझ्याच भंगारातून काढलेत. जुनेच का आणले, ते शेवटी कळेल. दोघांना मी दोन निळ्या वायरींनी जोडलंय. पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल, चार टोकांपैकी तीन टोकांचे दिवे हिरवे आहेत आणि एकाचा नारंगी. आज मी त्या एका नारंगी दिव्याविषयी बोलणार आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, त्या सरांनी मला नववी-दहावीत भूमिती शिकवली. त्यांची एक रीत इथल्या पुष्कळांना आठवत असेल. फळ्यावर कोणी चुकीच्या वाटेनं निघाला तर ते अडवत नसत. "चालू दे," म्हणत आणि खिडकीशी जाऊन उभे राहत. चूक आपल्या पायानं चालत जाऊन भिंतीला आपटे. मग सर वळून विचारत, "फाटा कुठं चुकला?" मीही आज आधी चूक चालू देणार आहे. पण त्याच्याही आधी थोडं पाणी.

१ मे १९९९ ला आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. कागद वाटले गेले, तलावांची माळ मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली. कोहळी मंडळींनी बांधलेली ही तळी. नवेगावबांधचं तळं बाहेरच्या लोकांना पक्ष्यांसाठी माहीत आहे, पण ते मुळात शेतीसाठी बांधलेलं. १९५१ साली मालगुजारी गेली, तलावांना 'माजी मालगुजारी' हे नाव चिकटलं आणि सरकारी कागदावर त्याचे 'मामा तलाव' झाले. हा मामा नेमका कोणाचा, असं माझ्या मुलीनं एकदा विचारलं होतं.

तलावाच्या पाळीतल्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, पाणी पाटात उतरतं, पाटातून वरच्या बांधीत, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत. धान रोवलेलं असताना पाणी सोडणाऱ्याला एकच घोर असतो, शेवटच्या बांधीपर्यंत पोचतं की नाही. हे पाणी गोल फिरून पुन्हा तलावात येईल आणि पुन्हा खाली, पुन्हा तलावात, असा घोर आजवर एकाही शेतकऱ्याला पडलेला नाही. तो घोर उतारानं आपल्याकडे घेतलेला असतो.

नेटवर्कच्या वायरीला उतार नसतो. तिच्यातून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सारखंच वाहतं. वरचं टोक कोणतं आणि खालचं कोणतं, हे तिला ठाऊकच नाही. स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल, आम्ही धंद्यातले लोक ज्याला नुसतं एसटीपी म्हणतो, तो या सपाट जमिनीवर उतार तयार करतो. त्याच्याबद्दल पुस्तकांत पुष्कळ काही लिहिलेलं असतं, पण माझ्या समजुतीत तो एवढाच आहे.

आता चूक चालू देऊ.

स्विचचं काम साधं आहे. एखाद्या पोर्टातून, म्हणजे वायर खोचायच्या खाचेतून, निरोप आला की पाठवणाऱ्याचा पत्ता वाचायचा आणि 'हा या बाजूला राहतो' अशी नोंद करायची. ज्याला द्यायचा त्याची नोंद असेल तर तेवढ्याच पोर्टातून पुढे पाठवायचा. नोंद नसेल किंवा निरोप सगळ्यांसाठी असेल, तर आला तो पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून. सगळ्यांसाठीच्या निरोपाला ब्रॉडकास्ट म्हणतात. कोतवालाची दवंडीच ती. आणि अशा दवंड्या दिवसभर चालू असतात. तुम्हाला शेजारच्या प्रिंटरवर सातबारा काढायचा असला तरी तुमचा कॉम्प्युटर आधी सगळ्या जाळ्यात ओरडून विचारतो, हा आयपी पत्ता कोणाचा?

चार स्विच घ्या. हौसेनं प्रत्येक स्विच प्रत्येकाला जोडा, एक वायर तुटली तर दुसरी असावी म्हणून. सहा वायरी लागतील. पहिल्यानं दवंडी दिली, तिच्या तीन प्रती निघाल्या. ज्याला प्रत मिळाली तो ती उरलेल्या दोघांना देतो, म्हणजे सहा. मग बारा, मग चोवीस. हिशेबानं विसाव्या पावलाला त्या एका हाकेच्या १५,७२,८६४ प्रती होतात, आणि वीस पावलं टाकायला सेकंदाचा क्षुल्लक भाग पुरतो. प्रत्यक्षात एवढ्यांना वाटच मिळत नाही. १०० मेगाबिटच्या वायरीतून अगदी लहानात लहान निरोपही एका दिशेनं सेकंदाला १,४८,८०९ च्या वर जाऊ शकत नाहीत. वायरी त्या एकाच हाकेनं तुडुंब भरतात आणि खऱ्या कामाचा निरोप दारात उभा राहतो. नोंदवहीही बिघडते, कारण एकाच यंत्राचा निरोप आत्ता या पोर्टातून येतो आणि क्षणात त्या पोर्टातून. स्विच बिचारा खोडून खोडून लिहीत बसतो.

इंटरनेटच्या आयपी निरोपावर एक आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकानं कमी करतो, शून्य झाला की निरोप टाकून देतो. जास्तीत जास्त २५५. इथरनेटच्या निरोपावर असा आकडाच नाही. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेट मांडलं, तेव्हा एकच जाड केबल आणि तिला टांगलेली यंत्रं एवढाच संसार होता. फेरा घ्यायला दुसरी वाटच नव्हती, मग निरोपावर मरणाची तारीख कोण कशाला लिहील? त्यामुळे फेऱ्यात सापडलेला इथरनेटचा निरोप कोणी वायर उपटेपर्यंत जिवंत राहतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जिल्ह्यातलंच एक कार्यालय, नाव घेत नाही. दिवाळीच्या आधी झाडझूड झाली होती. सोमवारी साडेदहाला फोन आला, "साहेब, नेट काहून नाही चालून राह्यलं?" मी पोचलो तर कपाटातल्या स्विचचे सगळे दिवे एका तालात, न थांबता फडफडत होते. एरवी नेटवर्कचे दिवे पावसाच्या थेंबांसारखे लुकलुकतात, एकेक, मध्ये दम घेत. ते असे लग्नाच्या मांडवातल्या तोरणासारखे एकदम लागले की माझ्या पोटात गोळा येतो. एकेक वायर काढत गेलो. चौदाव्या पोर्टाची काढली आणि सगळे शांत झाले. ती वायर धरून माग काढला तो एका टेबलाखाली. तिथे आठ पोर्टांचा एक साधा, स्वस्त स्विच होता आणि एका आखूड वायरीची दोन्ही टोकं त्याच्यातच खोचलेली. झाडझूड करणाऱ्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "एक तोंड लोंबकळून होतं साहेब, म्हटलं लावून देवाव." माणसानं चांगल्या मनानं केलेलं काम. त्यांना काय बोलणार?

बोलायचं असेल तर मलाच. कपाटातल्या स्विचमध्ये एसटीपी चालू होता, पण टेबलाखालच्या स्वस्त पेटीला त्या भाषेतलं अक्षर येत नव्हतं. फेरा त्या पेटीच्या पोटात होता. मोठ्या स्विचनं घातलेली हाक तिथून फिरून त्याच पोर्टात परत येत होती. बीपीडीयू गार्ड नावाची एक सोय असते. ज्या पोर्टाला फक्त कॉम्प्युटर लागायला हवा तिथे स्विचांच्या भाषेतला एक शब्द जरी ऐकू आला, तरी तो पोर्ट तडकाफडकी बंद होतो. ती सोय मी लावलेली नव्हती. सर असते तर फाटा कुठं चुकला ते मला नीट सांगता आलं असतं.

एसटीपीची ही भाषा लिहिली रेडिया पर्लमन यांनी. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये त्या काम करत होत्या. अट विचित्र होती. इथरनेटच्या तुकड्यांना जोडणारी पेटी बनवायची, पण आधीच विकलेल्या यंत्रांत काडीचा बदल करायचा नाही. निरोपावर नवा आकडा टाकायची सोय नाही. शिवाय जाळं कितीही वाढलं तरी पेटीला लागणारी मेमरी वाढता कामा नये. त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय की साहेबांनी शुक्रवारी काम दिलं आणि स्वतः आठवड्याच्या सुटीवर गेले. उत्तर त्यांना त्याच रात्री सुचलं, दोन दिवसांत लिहून झालं. साहेब यायला वेळ होता म्हणून उरलेल्या आठवड्यात त्यांनी त्यावर एक कविता केली. १९८५ साली शोधनिबंध छापला तेव्हा सारांशाच्या जागी तीच कविता आहे. आपल्याकडे पीएचडीच्या प्रबंधात असं कोणी केलं तर काय होईल, याचा विचार इथल्या प्राध्यापक मंडळींनी करावा. १९९० साली ही रीत ८०२.१डी या नावानं जगाचं मानक झाली.

युक्ती अशी. उतार हवा तर आधी एक उंच जागा हवी. ती निवडायला निवडणूक होते. सुरू झाल्यावर प्रत्येक स्विच ओरडतो, 'मूळ मीच!' आणि सोबत आपला क्रमांक सांगतो. स्वतःपेक्षा लहान क्रमांक ऐकू आला की तो निमूट गप्प बसतो आणि पुढच्यांना त्या लहान क्रमांकवाल्याचं नाव सांगू लागतो. थोड्याच वेळात सगळ्या जाळ्यात एकच नाव उरतं. हा झाला रूट ब्रिज, आपला वरचा तलाव. मग प्रत्येक स्विच मोजतो, तिथवर जायला मला किती खर्च पडतो? १०० मेगाबिटच्या वायरीला १९, गिगाबिटच्या वायरीला ४, असे दर ठरलेले आहेत. हा खर्च म्हणजे उंचीचं माप. ज्याचा खर्च कमी, तो वरच्या बांधीत. ज्या पोर्टातून तलाव सगळ्यात स्वस्तात गाठता येतो तो त्या स्विचचा रूट पोर्ट. आणि ज्या वायरीवर दोन्हीकडच्या कोणाचीच वर जायची वाट नाही, तिचं एक टोक मिटतं. चार स्विचांच्या सहा वायरींपैकी तीन चालू राहतात, तीन थांबतात. गणितवाले याला स्पॅनिंग ट्री म्हणतात, सगळ्यांना गाठणारं पण कुठेही फेरा नसलेलं झाड. चार ठिकाणांवर अशी १६ झाडं निघतात, त्यातलं एक हे स्विच आपसात ठरवतात. नकाशा मात्र कोणाकडेच नसतो.

या निवडणुकीत एक गंमत आहे. क्रमांकाचा पहिला भाग म्हणजे प्राधान्य, तो कारखान्यातून सगळ्यांचा सारखाच येतो, ३२७६८. मग दुसरा भाग बघितला जातो, म्हणजे स्विचचा मॅक पत्ता. कंपन्या हे पत्ते साधारण चढत्या क्रमानं वाटत जातात, म्हणून लहान पत्ता बहुधा सगळ्यात जुन्या पेटीचा असतो. कोणी लक्ष घातलं नाही तर स्टोअर रूममधली, धूळ खाल्लेली, पंखा कुरकुरणारी पेटी अख्ख्या कार्यालयाची मूळ होऊन बसते, आणि शेजारशेजारच्या दोन खोल्यांतले निरोप तिला नमस्कार करून एकमेकांकडे जातात. वडीलधाऱ्यांना मान द्यावा हे खरं, पण इथे मी पहिल्या दिवशीच नव्या, दणकट स्विचचं प्राधान्य ४०९६ करून ठेवतो.

आता नारंगी दिव्याकडे येऊ. लोकांना वाटतं ब्लॉक झालेला पोर्ट म्हणजे मेलेला पोर्ट. एका कॉलेजात लेखापालांनी मला सरळ विचारलं, वायर विकत घेतली, पोर्ट विकत घेतला, आणि वापरायचा नाही? ऑडिटला काय सांगू? प्रश्न बरोबर होता. पण तो पोर्ट मेलेला नसतो. वायरीचं एकच टोक मिटलेलं असतं. समोरचं टोक उघडंच असतं आणि तिथून दर दोन सेकंदांनी हाक येत राहते, मूळ अमुक आहे, माझ्यापासून खर्च इतका. या हाकांना बीपीडीयू म्हणतात. मिटलेलं टोक बाकीचं सगळं टाकून देतं, फक्त ही हाक कान देऊन ऐकतं. हाक येतेय तोवर दार लावलेलं. वीस सेकंद हाक आली नाही, की वरच्या अंगाला काहीतरी तुटलंय असं ते समजतं.

आणि तेव्हाही ते धावत सुटत नाही. पंधरा सेकंद नुसतं ऐकतं, आणखी कोणी दार उघडतंय का. पुढचे पंधरा सेकंद कोण कुठे राहतं ते शिकतं, पण निरोप नेत नाही. मग दार उघडतं. म्हणजे एकूण पन्नास सेकंद, आणि स्वतःचीच वायर तुटल्याचं कळलं तर तीस. एवढी सुस्ती का? कारण बातमी जाळ्यात सगळ्यांना एकदम कळत नाही. दार उशिरा उघडलं तर तेवढा वेळ काही लोकांचं काम अडतं. घाईनं उघडलं आणि पलीकडचं जुनं दार अजून मिटलेलं नसलं, तर फेरा होतो आणि सगळ्यांचंच अडतं. या दोन चुका सारख्या नाहीत हे ओळखूनच ते आकडे बसवलेले आहेत.

या सावधपणाचा जाचही झाला. कॉम्प्युटर लॅबमध्ये पोरं यंत्र चालू करत, यंत्र पंचवीस सेकंदांत उठून पत्ता मागे आणि पोर्ट अजून ऐकत-शिकत बसलेला. उत्तर न मिळाल्यावर विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता लावून घेई आणि पोरं म्हणत, नेट नाही. कॉम्प्युटरच्या पोर्टांना ही वाट पाहण्यातून सूट द्यायची सोय पुढे आली. २००१ मध्ये याच रीतीची वेगवान आवृत्ती आली. तिच्यात शेजारचे दोन स्विच वाट पाहत बसण्याऐवजी सरळ एकमेकांना विचारतात, उघडू का? आज विकत घ्याल त्या स्विचमध्ये बहुधा तीच असते.

उतार नुसता असून भागत नाही, तो किती लांबवर टिकतो हेही पाहावं लागतं. हे बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयाला महागात पडून कळलं. १३ नोव्हेंबर २००२ ला तिथलं जाळं बसलं आणि जवळपास चार दिवस उठलं नाही. डॉक्टर कागदावर लिहू लागले, तपासण्यांचे अहवाल माणसं हातांनी पोचवू लागली. निमित्त झालं एका संशोधकाच्या प्रचंड डेटाचं. खरं कारण वेगळं होतं. एसटीपीचे ते दोन, वीस आणि पंधरा हे आकडे सात स्विचांच्या लांबीचा हिशेब धरून ठरवलेले आहेत. रुग्णालय वाढत गेलं, इमारतीला इमारत जोडत गेली आणि झाड सातापलीकडे गेलं. आपल्याकडे पाट असाच लांबवत नेला की शेवटच्या बांधीला पाणी पोचत नाही, आणि भांडण वरच्या शेतकऱ्याशी होतं. तिथले माहिती विभागाचे प्रमुख जॉन हलामका यांनी हे सगळं लपवून न ठेवता जाहीर सांगितलं, म्हणून आम्हाला शिकायला मिळालं.

झाडाची ही गरज फक्त कॉम्प्युटरवाल्यांची नाही. १९२६ साली ओटाकार बोरुव्का या चेक गणितज्ञानं कमीत कमी तारेत सगळी गावं जोडणारं झाड कसं काढायचं ते दाखवलं, तेव्हा प्रश्न मोराविया प्रांतात वीज नेण्याचा होता. एसटीपीचं झाड अगदी तेच नव्हे. बोरुव्काला एकूण तार कमी हवी होती, इथे प्रत्येकाला मुळाशी जायची स्वस्त वाट हवी असते. परीक्षेत पोरं इथे हमखास गल्लत करतात. मिटवून ठेवलेली वाट विजेच्या जाळ्यातही असते. आपल्या विजेच्या दोन फीडरांच्या मधला एबी स्विच आठवा. एरवी तो वेगळा ठेवलेला असतो, एक फीडर गेला की लाइनमन तो जोडून दुसरीकडून वीज देतो. आणि भाषेची मजा पाहा, लाइनमन स्विच 'ओपन' आहे म्हणाला की वाट बंद असते.

अशी दुसरी वाट गावांच्या इंटरनेटला मात्र नव्हती. गावांपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. सुरुवातीला तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची वाट झाडासारखीच, एका फांदीची. रस्त्याच्या कामावर जेसीबीनं एक फटका मारला की त्या फांदीवरचं सगळं गाव अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात ही वाट रिंग करायचं ठरलंय, म्हणजे प्रत्येक ग्रामपंचायतीला दोन बाजूंनी पोचायचं. तिथे राउटर असतील, निरोपावर तो उतरता आकडा असेल, म्हणून एसटीपीची गरज पडणार नाही. साध्या इथरनेटवर रिंग केली तर मात्र तिच्यातला एक दुवा मिटवून ठेवावाच लागतो. त्यासाठी जी.८०३२ नावाची वेगळी रीत आहे. ती पन्नास सेकंदांचं काम पन्नास मिलिसेकंदांत करते, पण युक्ती जुनीच आहे. पर्लमनबाईंना स्वतःला एसटीपी म्हणजे तात्पुरती सोय वाटत होती. पुढे त्याला पर्याय म्हणून ट्रिल नावाची रीतही त्यांनीच मांडली. गोंदियाच्या कपाटांत मात्र ती तात्पुरती सोयच अजून चालू आहे.

बोलणं झालं, आता पेट्यांकडे पाहा. हिरवा दिवा असलेली ही वायर मी काढतो.

(इथे वक्त्यांनी एक वायर काढली. सभागृहातल्या मुलांनी मोठ्यानं आकडे मोजले. तिसाव्या आकड्याच्या आसपास नारंगी दिवा हिरवा झाला.)

जुन्या पेट्या आणल्या त्या या तीस सेकंदांसाठी. नव्या पेट्यांत हे इतक्या झटक्यात झालं असतं की तुम्हाला काही दिसलंच नसतं. आता काढलेली वायर परत लावतो. पाहा, दुसरीचा हिरवा झालेला दिवा लगेच नारंगी झाला, आणि पहिलीचाही अजून नारंगीच आहे. पहिल्या पोर्टाचा क्रमांक लहान, म्हणून मान त्याचा. तो परत आल्याचं कळताच दुसऱ्यानं दार लावून घेतलं, आणि पहिला पुन्हा ऐकायला आणि शिकायला बसला. या घडीला दोन्ही वायरी शाबूत आहेत आणि एकीतूनही काही जात नाही. अजून वीसेक सेकंद लागतील. तोवर मागच्या दारापाशी चहा आलेला आहे. फक्त उठताना या टेबलाखालची वायर सांभाळा, आणि ती कुठे लोंबकळताना दिसली तर कृपा करून लावून देऊ नका.